पुठ्ठ्याचा कीबोर्ड

तीस वर्षं मी गोंदियाच्या बस स्टँडवर कंट्रोलर होतो. कंट्रोलर म्हणजे काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारणारा माणूस. सालेकशाची गाडी तीन नंबरवर लागली आहे, असं मी खणखणीत आवाजात सांगायचो आणि माइक खाली ठेवतो न ठेवतो तोच कुणीतरी खिडकीत डोकं घालून विचारायचं, "बाबूजी, सालेकसा की गाडी लगी क्या?" त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झाला असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, तो आधीपासूनच तसा होता, नोकरीने त्याला फक्त पगार दिला. सांगायचा मुद्दा एवढाच की बोलणं हा माझा धंदा. ऐकणं मला कधी जमलं नाही. लग्न जमलं नाही तेही बहुधा त्यामुळेच. त्यात लाउडस्पीकरचा कर्णा माझ्या खोलीच्या डाव्या अंगाला बांधलेला, म्हणून पन्नाशीच्या आतच डावा कान गेल्यात जमा होता.

अशा माणसाला एका पोराने चार वर्षं समोर बसवून ऐकायला लावलं. त्याचं नाव सुगत रंगारी.

तो माझ्याकडे आला २००५ साली. गोंदियाला लागून फुलचूरला माझं तीन खोल्यांचं घर आहे. मागे पेरूच्या झाडाला लागून एक सुटी खोली, तिला वेगळं दार. ती भाड्याने द्यायची होती. दारात एकवीस-बावीस वर्षांचा, काडीसारखा पोरगा उभा. शर्टाचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, कानावर पेन्सिल, नजर स्वतःच्या चपलांवर. मागे सायकलरिक्षात एक मोठा खोका, त्याला दोरी आणि वर घरून आणलेली गोधडी. मी गाव विचारलं. केशोरी म्हणाला. मी आडनाव विचारलं. ते त्याने सांगितलं, पण खोक्याची दोरी सोडायला हात लावला नाही. त्याआधी दोन घरी खोली आडनाव सांगेपर्यंतच रिकामी होती, हे त्याने मला वर्षभराने सांगितलं, तेही गंमत म्हणून. मला त्यात गंमत वाटली नाही, कारण आडनाव मीही विचारलं होतं. खोली दिली, पण विचारलं होतं.

तो काय काम करतो हे मोहल्ल्यात कुणालाच कळलं नाही. सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही, संध्याकाळी परत येत नाही, दिवसभर खोलीत. म्हणजे पोरगा बेकार आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "प्रोग्राम लिहून राहिलो जी." कुणासाठी, तर हॉलंडमधल्या यान नावाच्या माणसासाठी. त्या देशात फुलांचा म्हणे मोठा बाजार भरतो, आणि कुठली फुलं कुठल्या गाडीतून कुठल्या दुकानात जायची याचा हिशेब कंप्युटर ठेवतो. त्यातला एक लहानसा तुकडा सुगत फुलचूरमध्ये बसून करायचा. यानला त्याने पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज ऐकला नव्हता. ज्या फुलांची नावं तो दिवसाकाठी शंभरदा टाइप करायचा त्यातलं एकही फूल त्याने पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, बाबू, इकडे झेंडूचा बाजार भरतो, त्याचं काही कर. तो हसला नाही. माझ्या विनोदांना तो साधारण दुसऱ्या दिवशी हसायचा.

त्याच्यासारखी काम करायची रीत मी दुसऱ्या कुठल्याही कंप्युटरवाल्याची पाहिली नाही. तो आधी सगळा प्रोग्राम वहीत लिहायचा. दोनशे पानी चौकोनी वही, पेन्सिल, मुंगीएवढं अक्षर. मग शेजारी रकाने पाडून, कंप्युटर काय करेल ते स्वतः एकेक ओळ करून पाहायचा, आणि सगळं बरोबर आलं की मगच टाइप करायला बसायचा. तेव्हा आमच्याकडे वीज दिवसाचे सात-आठ तास जायची. इतरांचं काम थांबायचं, याचं वीज गेल्यावर सुरू व्हायचं. टाइप करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी हात किंचित वर उचलून तो हळूच म्हणायचा, "झालं." आणि मग ओळ संपवायचं बटण दाबायचा. दिवसभर मागच्या खोलीतून झालं, झालं, झालं. मला वाटलं पोराच्या डोक्यात काही फरक आहे.

एका रविवारी मी खोलीत डोकावलो, तर भिंतीला टेकवून ठेवलेला एक जुना पुठ्ठा दिसला. त्यावर शाईने चौकोन आखलेले आणि चौकोनांत इंग्रजी अक्षरं. हे काय, म्हणून विचारलं, तेव्हा त्या पोराची सगळी हकीकत बाहेर आली. नव्याण्णव साली तो दहावीत होता. अर्जुनीच्या एका सरांनी त्याला प्रोग्रामिंगच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली. केशोरीत तेव्हा कंप्युटर नव्हता, आणि जिथे होता तिथे याला हात लावू देणारं कुणी नव्हतं. पुस्तकातल्या चित्रावरून याने बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. आई-बाप धानाच्या रोवण्याला गेले की हा ओसरीवर बसून पुठ्ठ्यावर बोटं आपटायचा आणि वहीत उत्तरं काढायचा. दोन वर्षं.

"मंग कंप्युटर कुठं होता?" मी विचारलं.

"मीच कंप्युटर होतो जी," तो म्हणाला.

पण खरी गोष्ट पुढेच. झेरॉक्स काढताना पान थोडं सरकलं होतं, आणि चित्राची उजवी कड कापली गेली होती. म्हणून त्याच्या कीबोर्डला उजवीकडची बटणंच नव्हती. ओळ संपवायचं बटण नव्हतं आणि खोडायचंही नव्हतं. ओळ संपली हे पुठ्ठ्याला कसं सांगायचं, म्हणून त्याने आपली तोड काढली: हात वर उचलायचा आणि "झालं" म्हणायचं. खोडायची तर सोयच नव्हती, म्हणून चुकायचंच नाही असं ठरवलं. कॉलेजला गोंदियात आल्यावर पहिल्यांदा खऱ्या कंप्युटरपुढे बसला, सुंदर टाइप केलं, हात उचलला, झालं म्हणाला आणि वाट पाहत बसला. पुढची ओळ येईना. मागची पोरं पोट धरून हसली. शेजारच्या मुलीने हात लांबवून ते बटण दाबून दिलं. हे सांगताना तो त्या दिवशीच हसला, दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही.

आता माझ्या ऐकण्याचं. उन्हाळ्याची दुपार, वीज गेलेली, माझी साप्ताहिक सुट्टी. मी बनियनवर ओसरीत हातपंख्याने वारा घेत बसलो होतो. सुगत वही घेऊन आला. म्हणाला, "काकाजी, दहा मिनिटं आयकता का? तुमाले समजाची गरज नाई. फक्त समोर बसा."

मला राग आला. समजायची गरज नाही म्हणजे काय? पण ऊन इतकं होतं की उठून जाण्यासारखी जागा नव्हती. तो खुर्ची ओढून समोर बसला आणि सांगू लागला. समजा एक डब्बा हाय. डब्ब्यात फुलं. गाडी आली की डब्बा गाडीत. असं करत तो कुठल्या कुठे गेला. सगळं माझ्या डोक्यावरून जात होतं. मध्ये मी म्हणालो, बंद करून परत चालू कर ना. त्याने हात वर करून मला थांबवलं. आणखी पाच-सहा वाक्यं बोलला, आणि अर्ध्या वाक्यात गप्प झाला. वहीत बघितलं. "सापडला," म्हणाला, आणि उठून चालता झाला.

मी मागून ओरडलो की अरे, मी तं काहीच बोललो नाई. तो दारातून म्हणाला, "मनून तं सापडला जी."

त्यानंतर तो नेमच झाला. आठवड्यातून दोनदा तरी तो अडायचा आणि मला समोर बसवायचा. मनातल्या मनात वाचलं की चूक झाकून जाते, माणसाला सांगायला लागलं की ती आपोआप पुढे येते, असं त्याचं म्हणणं. मग भिंतीला सांग, मी म्हटलं. तेही करून पाहिलं होतं म्हणे. भिंत मान हलवत नाही. मी एकदा त्याला विचारलं, तुझे संगीसोबती कुणी नाहीत का यातले? चपलांकडे बघतच त्याने सांगितलं. गोंदियात त्याच्यासारखं काम करणारं त्याला कुणी सापडलं नव्हतं. वर्गातले सगळे पुण्या-बंगलोरला गेले. गावी गेला की आई विचारायची, बाबू, काय करत असतोस, आणि तो सांगायला लागला की ती कौतुकाने त्याच्या तोंडाकडे बघता बघता पेंगायची. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा पोरगा फार एकटा आहे. मीही होतो, पण मला सवय होती आणि माझ्याकडे माइक होता.

त्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर उलटं टांगलेलं असायचं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने, "या वर्षी शिकायचं" अशी यादी. त्यात कंप्युटरच्या दोन-चार न कळणाऱ्या गोष्टी, मग भात गिचका न होऊ देता शिजवणे, पोहणे, इंग्रजीत न घाबरता बोलणे, असं काहीही. जे जमलं त्यापुढे बरोबरची खूण नाही, "झालं" लिहायचा. जे राहिलं ते पुढच्या वर्षाच्या यादीत तसंच उतरवायचा. भाताचं दुसऱ्या वर्षी झालं. पोहण्याची तर गोष्टच आहे.

एके दिवशी सकाळी मी त्याच्या खिडकीवरून जात होतो. हा पलंगावर पालथा पडून हातपाय मारतोय. मला वाटलं फिट आली. धावत आत गेलो, तर समोर वहीत माणसाची चित्रं. हात असा, पाय तसा. पंधरा दिवसांपासून पलंगावर पोहणं चाललं होतं. पुढच्या सुट्टीला मीच त्याला बसने बोदलकशाला घेऊन गेलो. पाण्यात उतरला, पलंगावर मारायचा तसेच हात मारले, आणि बुडाला. तलावावर जाळं धुणाऱ्या एका ढिवराने बखोट धरून वर काढला. काठावर बसून पाणी ओकत होता, आणि ओकून झाल्यावर मला म्हणाला, "श्वास कवा घ्याचा ते चित्रात नव्हतं." त्या ढिवराला हसू आवरेना. त्यानेच मग चार-पाच रविवार याला पोहायला शिकवलं. कॅलेंडरवर "झालं" आलं त्या दिवशी माझ्यासाठी बोदलकशाची मासळी आली. शिजवलीही त्यानेच, आणि चांगली होती.

राहिलं होतं ते इंग्रजी बोलणं. लिहायचा तो झरझर, यानला त्याच्या कंप्युटरवरच्या चिठ्ठ्या फार आवडायच्या. पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तिसऱ्या वर्षी यानने लिहिलं की बंगलोरला त्यांचं ऑफिस निघतंय, तुला तिथे कायमचं घ्यावं असं वाटतं, एकदा कंप्युटरवरून बोलू. सुगतने ती चिठ्ठी मला दोनदा वाचून दाखवली. दहा-बारा माणसं असतील काकाजी, म्हणाला, सगळी हेच काम करणारी. पगाराबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्याला ती माणसं हवी होती.

मी त्याची तयारी घेतली. माझ्याजवळ शिकवण्यासारखं तेवढंच होतं. छाती पुढे, हनुवटी वर, वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत आवाज पडू द्यायचा नाही. तो रोज सकाळी पेरूच्या झाडापुढे उभा राहून इंग्रजीत फुलं पुकारायचा. पोपट उडून जायचे. महिनाभराने म्हणाला, झाडापुढे येते, माणसापुढे नाई येत. आणि मग त्याने मला मागितलं. बोलणं मंगळवारी दुपारी साडेतीनला होतं. "तुमी समोर बसून राहा," तो म्हणाला. "यानले तुमी दिसनार नाई. मी तुमाले सांगीन, तो आयकून घेईल."

मी म्हटलं येतो. माझी ड्युटी दोनला संपत होती.

त्या दिवशी दीड वाजता केशोरीची गाडी स्टँडवरच बंद पडली. चाळीस-पन्नास माणसं खिडकीवर आली. दुसरी गाडी मिळेना, लोक चिडले, मीही चिडलो. माइकवरून त्यांना मी बरंच काही सुनावलं. दोन वाजता माझ्या जागी दुसरा कंट्रोलर आला, तो म्हणाला, तुम्ही जा, मी बघतो. खरं सांगायचं तर मला निघता आलं असतं. पण मी भांडणात रंगलो होतो. सगळा स्टँड माझं ऐकत होता, आणि मला ते सोडून जावंसं वाटलं नाही. घड्याळ बघितलं तेव्हा चार वाजून गेले होते.

घरी पोचलो पावणेपाचला. सुगत कंप्युटर बंद करून बसला होता. समोर माझी खुर्ची. माझी कंबर दुखते म्हणून पाठीला घडी घालून ठेवलेला टॉवेल, बाजूला स्टुलावर पाण्याचा गिलास, वर झाकण. मी विचारलं, झालं का?

"नाई झालं," तो म्हणाला.

हळूहळू त्याने सांगितलं. थोडा वेळ खुर्चीलाच सांगत होता. मग खुर्चीत कुणी नाही हे एकदम जाणवलं आणि आवाज बंद पडला. "तो इचारला, आर यू देअर. मी होतो जी. तीनदा इचारला. तीनदा मी होतो."

मला माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, गाडी बंद पडली होती.

"कोनती?"

"केशोरीची."

"मंग गेले का सगळे लोक घरी?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. ते तरी बरं झालं, असं म्हणून त्याने गिलासातलं पाणी मला दिलं. मी ते न पिताच परत स्टुलावर ठेवलं. तो रागावला असता तर मी उलट रागावलो असतो, आणि दोघंही मोकळे झालो असतो. तो रागावला नाही. नव्या वर्षाच्या यादीत पहिली ओळ पुन्हा इंग्रजी बोलण्याचीच उतरवली.

यानने त्याला सोडलं नाही हे नशीब. कामं येत राहिली, आणि वर्षभराने पुन्हा तीच चिठ्ठी आली. या वेळी मी रीतसर रजा टाकली. साडेतीनचं बोलणं, मी दोन वाजताच खुर्चीत जाऊन बसलो. जेवलोही तिथेच. वेळ झाली, त्याने कानाला ते ऐकायचं-बोलायचं यंत्र लावलं, माझ्याकडे बघितलं आणि बोलू लागला. चाळीस मिनिटं तो माझ्याशी इंग्रजीत बोलत होता. मला त्यातलं काही कळलं असेल तर शपथ. पण मी एकदाही नजर हलवली नाही. तो थांबला की मान हलवायचो, तो पुढे जायचा. मध्ये एकदा तो हसला, म्हणून मीही हसलो. शेवटी त्याने हात किंचित वर उचलला, झालं म्हणाला, आणि बटण दाबलं. मग दोघंही घामाघूम होऊन बसून राहिलो.

पंधरा दिवसांत त्याचं बंगलोरला जायचं ठरलं. म्हणजे माझी खुर्ची मीच रिकामी केली. आनंद झाला, झालाच. पण तो गेल्यावर मी खोली झाडायला गेलो तेव्हा भिंतीवर कॅलेंडर तसंच होतं, आणि यादीतल्या इंग्रजीपुढे "झालं" लिहिलेलं. त्याच्या खाली एक ओळ होती, ती मी आधी वाचली नव्हती. "काकाजींना समजेल असं सांगणे." तिच्यापुढे जागा कोरी. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याला माझं समजणं नको आहे, नुसतं बसणं हवं आहे. मी झाडू हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. ती खोली मी पुन्हा भाड्याने दिली नाही.

सुरुवातीला तो दर रविवारी दुपारी फोन करायचा. फुलचूरला बोलायचा तसंच बोलायचा, डब्बा, गाडी, फुलं. मी विचारलं, आता तर तिथे तुझ्या कामाची माणसं आहेत, त्यांना का नाही सांगत? तो म्हणाला, "इकडे सगळ्याइले समजते जी. मनून कोनी आयकत नाई." कानाला यंत्रं लावून सगळे आपापल्या पडद्यासमोर बसतात, शेजारच्यालाही चिठ्ठी लिहून विचारतात. वही बघून एकाने त्याला विचारलं होतं, तू कविता करतोस का. हे त्याने गंमत म्हणून सांगितलं, आणि याही वेळी मला गंमत वाटली नाही.

पुढे माझा उजवा कानही जाऊ लागला. डॉक्टर म्हणाला, कर्ण्याजवळ तीस वर्षं बसलात, आणखी काय होणार. मी कुणाला सांगितलं नाही. ज्याचा आवाज सगळ्या स्टँडने ऐकला त्याने बहिरा झालो म्हणून सांगायचं, हे मला जमेना. फोनवर मी अंदाजाने हो, हो म्हणू लागलो. एकदा त्याने काहीतरी विचारलं, आणि मी म्हणालो, मग पुढे काय झालं? एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला, "काकाजी, मी इचारलो, जेवले का." त्यानंतर फोन महिन्याने यायला लागले, मग सणावारी. मी कंटाळलो असं त्याला वाटलं असणार. मी कंटाळलो नव्हतो. रविवारी दुपारी मी फोनजवळच बसलेला असायचो.

मी रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी, धान कापणीच्या दिवसांत, तो आला. न कळवता. केशोरीला जाता जाता वाटेत उतरला होता. तिशीचा झाला होता, वरचं बटण तसंच, कानावर पेन्सिल तशीच. मला म्हणाला असेल काहीतरी, मी बस म्हटलं. त्याने मागच्या खोलीतून खुर्ची आणली, माझ्यासमोर ठेवली आणि पिशवीतून वही काढली. या वहीत प्रोग्राम नव्हता. चित्रं होती. बस स्टँड काढलेला, फलाट, गाड्या, आणि काचेच्या खोलीत माइकपुढे एक तिरसट चेहऱ्याचा माणूस. फुलांचे डबे प्रवासी झाले होते. मला कळेल अशा भाषेत त्याने आपलं सगळं काम मांडून आणलं होतं.

तासभर तो बोलत होता. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. एखादा शब्द सापडायचा, गाडी, तीन नंबर, मग पुन्हा काही नाही. चित्रांवरून मी अर्धंमुर्धं जुळवू पाहत होतो, पण तो पान उलटायचा. थांबवून सांगायला हवं होतं. दहादा तोंडापर्यंत आलं. शेवटी त्याने वही मिटली आणि विचारलं. काय विचारलं ते ओठांवरून स्वच्छ कळलं: "समजला?"

मी म्हणालो, हो. समजला ना. एकदम पक्का.

तो माझ्याकडे बघत राहिला. चपलांकडे नाही, माझ्याकडे. मग खुर्ची परत ठेवायला मागच्या खोलीत गेला, आणि थोडा वेळ तिथेच होता. नंतर मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. काचेच्या खोलीत नवा कंट्रोलर गाडी पुकारत होता, त्याचं तोंड हलताना दिसत होतं. सुगत केशोरीच्या गाडीत खिडकीशी बसला. गाडी हलली तेव्हा त्याने बाहेर डोकं काढून काहीतरी म्हटलं. मी हात वर केला. गाडी वळेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता, आणि मी हात तसाच वर धरून उभा होतो.

घरी येऊन मी मागच्या खोलीत गेलो. ते जुनं कॅलेंडर भिंतीवर होतं. "काकाजींना समजेल असं सांगणे" या ओळीपुढे "झालं" नव्हतं. खाली पेन्सिलीने नवं साल घातलं होतं, आणि त्याखाली तीच ओळ पुन्हा उतरवली होती.

पुढच्याच आठवड्यात नागपूरला जाऊन मी कानाचं यंत्र करून आणलं. दर रविवारी दुपारी ते लावतो, दोन खुर्च्या समोरासमोर मांडतो आणि एकीत बसतो. पेरूवरचे पोपट आता ऐकू येतात. तो अजून आलेला नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, फोन करून सांगता येईल की बाबू, आता ऐकू येते, ये. पण ऐकू येत नाही हेच ज्याला कधी सांगितलं नाही, त्याला हे कुठून सांगायला सुरुवात करू ते सुचत नाही. माइकवरून पुकारायचं असतं तर एव्हाना पुकारून टाकलं असतं.